क्र्वासाँ

मैदा, दूध, यीस्ट व लोणी या प्रमुख घटकांपासून तयार करण्यात येणारा, चंद्रकोरीच्या आकाराचा एक पापुद्रेदार फ्रेंच भट्टीपदार्थ. तो बाहेरून खुसखुशीत व सोनेरी तपकिरी, तर आतून मऊ व मधाच्या पोळ्याप्रमाणे पोकळ्यांनी युक्त असतो. फ्रान्समध्ये सकाळच्या न्याहारीला कॉफीबरोबर तो खाण्याचा प्रघात आहे. मराठीत त्याचा उच्चार ‘क्रॉसाँ’ असाही केला जातो. पाव व पेस्ट्री या दोन भिन्न परंपरांचा संगम या पदार्थात झालेला दिसतो. पावाप्रमाणे त्याची कणीक यीस्टने फुगविलेली असते, तर पेस्ट्रीप्रमाणे तिच्या थरांमध्ये लोण्याचे थर घातलेले असतात. यांपैकी पहिले अंग व्हिएन्नाकडून आले, तर दुसरे फ्रान्समध्ये जोडले गेले. हा संगम विसाव्या शतकाच्या प्रारंभी पूर्णत्वास गेला. क्र्वासाँच्या उगमाविषयी सांगितल्या जाणाऱ्या सतराव्या शतकातील युद्धकथांना मात्र समकालीन पुराव्याचा आधार नाही.

व्युत्पत्ती व आकार : ‘वाढणे’ या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदापासून ‘क्र्वासाँ’ म्हणजे ‘वाढणारा’ हा शब्द साधला आहे. शुक्ल पक्षात कलेकलेने वाढणाऱ्या चंद्रकोरीला तो लावला गेला व पुढे कोरीच्या आकाराच्या कोणत्याही वस्तूला लावला जाऊ लागला. या पदार्थाचा पूर्वज ‘किप्फर्ल’ या नावाने ऑस्ट्रियात ओळखला जातो. किप्फर्ल हा साधा किंवा किंचित गोड, घट्ट पोताचा, कोरीच्या आकाराचा लहान पाव होय. त्याच्या कणकेत थोडे लोणी मळलेले असते, परंतु त्याला पापुद्रे नसतात. या जातीच्या पावाचा उल्लेख ऑस्ट्रियातील तेराव्या शतकाच्या वाङ्‌मयात आढळतो. कणकेच्या त्रिकोणी तुकड्याची गुंडाळी करून तिची टोके आत वळविली की हा आकार सहज साधतो. त्यामुळे केवळ आकाराच्या साम्यावरून एखाद्या ध्वजाशी किंवा विजयाशी त्याचा संबंध जोडणे युक्त ठरत नाही.

आख्यायिका : सर्वांत प्रसिद्ध आख्यायिका व्हिएन्नाच्या वेढ्याविषयीची आहे. १६८३ च्या जुलैमध्ये वजीर कारा मुस्तफा याच्या नेतृत्वाखालील ऑटोमन सैन्याने व्हिएन्ना शहराला वेढा घातला. तटाखाली सुरुंग खणून तट उडवून देण्याचे तुर्कांचे प्रयत्न अनेक आठवडे चालू होते. पहाटेचे पाव भाजण्यासाठी रात्री जागणाऱ्या पाववाल्यांना जमिनीखालून खणण्याचा आवाज आला, त्यांनी शिबंदीला सावध केले आणि शहर वाचले, असे ही कथा सांगते. या कामगिरीचे स्मारक म्हणून पाववाल्यांनी तुर्की ध्वजावरील चंद्रकोरीच्या आकाराचा पाव तयार केला, असा तिचा शेवट आहे. दुसऱ्या एका कथेनुसार हाच प्रसंग १६८६ मध्ये बूडापेस्ट येथे घडला. तिसऱ्या कथेत व्हिएन्नात जन्मलेली ऑस्ट्रियाची राजकन्या मारी आंत्वानेत हिने १७७० मध्ये फ्रेंच युवराजाशी विवाह झाल्यावर हा पदार्थ फ्रान्सच्या दरबारी नेला, असे म्हटले आहे.

वेढा, सुरुंगांचे युद्ध आणि पोलंडचा राजा यान सोब्येस्की याच्या साहाय्याने १२ सप्टेंबर १६८३ रोजी झालेली व्हिएन्नाची मुक्तता या घटना ऐतिहासिक आहेत. तथापि त्यांना जोडलेली पावाची कथा पुढील कारणांमुळे टिकत नाही. एक तर कोरीच्या आकाराचा पाव ऑस्ट्रियात वेढ्याच्या कित्येक शतके आधीपासून ज्ञात होता. दुसरे असे, की आज ज्याला क्र्वासाँ म्हणतात तो पापुद्रेदार पदार्थ १६८३ मध्ये अस्तित्वात असल्याचा पुरावा नाही. तिसरे म्हणजे कथेचे स्थळ व वर्ष ही दोन्ही अस्थिर आहेत. १९३८ साली प्रसिद्ध झालेल्या लारूस गास्त्रोनोमीक या पाककोशाच्या पहिल्या आवृत्तीत आल्फ्रेद गोत्शाल्क यांनी बूडापेस्टची कथा दिली. पुढे अन्नाच्या इतिहासावरील आपल्या ग्रंथात मात्र त्यांनीच व्हिएन्नाची कथा स्वीकारली. मारी आंत्वानेतविषयी विपुल समकालीन लिखाण उपलब्ध असूनही तिने हा पदार्थ फ्रान्समध्ये आणल्याचा उल्लेख त्यात सापडत नाही.

असे असूनही या कथा लोकप्रिय राहिल्या, याचे कारण त्यांची रचना होय. खरे युद्ध, खरा सुरुंग आणि खरी चंद्रकोर या तीन गोष्टी त्यांत एकत्र गुंफलेल्या आहेत. ऐकणाऱ्याला त्यांतील दोन गोष्टी ठाऊक असतात; त्यामुळे उरलेली तिसरी तो सहज मान्य करतो. एका न्याहारीच्या पदार्थाला शत्रूवरील विजयाचे चिन्ह ठरविणाऱ्या अशा कथेमुळे दोन समाजांमधील वैराची स्मृती विनाकारण जागती राहते. म्हणूनच तिची शहानिशा करणे हे केवळ पाकशास्त्राच्या इतिहासापुरते महत्त्वाचे नाही. खुद्द तुर्कस्तानातही ‘चंद्राचा पाव’ अशा अर्थाच्या नावाचा कोरीच्या आकाराचा गोड पाव आवडीने खाल्ला जातो.

इतिहास : क्र्वासाँचा पुराव्याने सिद्ध होणारा इतिहास एकोणिसाव्या शतकात सुरू होतो. आउगुस्ट त्सांग (१८०७–८८) या ऑस्ट्रियन गृहस्थाने १८३८-३९ च्या सुमारास पॅरिसमधील रिशल्य मार्गावर ९२ क्रमांकाच्या इमारतीत एक व्हिएन्नी बेकरी उघडली. त्सांग हा पूर्वी तोफखान्यात अधिकारी होता. तेथे व्हिएन्ना पद्धतीचे पांढरे पाव व किप्फर्ल विकले जात. भाजताना वाफ सोडण्याची सोय असलेली भट्टी हे या बेकरीचे वैशिष्ट्य होते. वाफेमुळे पावाचा पृष्ठभाग लवकर कडक होत नाही, पाव पूर्ण फुगतो आणि त्याला तुकतुकीत चमक येते. थोड्याच काळात पॅरिसच्या इतर पाववाल्यांनी या मालाचे अनुकरण सुरू केले. किप्फर्ल या जर्मन नावाऐवजी त्याच्या आकाराचे वर्णन करणारा ‘क्र्वासाँ’ हा फ्रेंच शब्द रूढ झाला. एमील लीत्रे यांच्या फ्रेंच शब्दकोशात (१८६३–७३) या खाद्याची नोंद सापडते. त्सांग १८४८ मध्ये ऑस्ट्रियात परतला व तेथे त्याने दी प्रेसऽ हे वृत्तपत्र काढले. पुढे त्याची ख्याती झाली ती वृत्तपत्राचा संस्थापक म्हणून. पाववाला म्हणून तो जवळजवळ विस्मृतीत गेला. तथापि दूध, साखर, लोणी यांनी समृद्ध केलेल्या व यीस्टने फुगविलेल्या पदार्थांच्या वर्गाला फ्रेंच भाषेत आजही ‘व्हिएन्नाचे पदार्थ’ अशा अर्थाचे ‘व्हिएन्वाझरी’ हे नाव आहे.

त्सांगच्या काळातील क्र्वासाँ पापुद्रेदार नव्हता. लोण्याचे थर घालून पापुद्रे काढण्याची कला फ्रान्समध्ये सतराव्या शतकापासून चांगली परिचित होती. ला व्हारेन याच्या नावावर असलेल्या, १६५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पेस्ट्रीविषयक ग्रंथात तिची कृती दिलेली आहे. परंतु या पापुद्रेदार पेस्ट्रीत यीस्ट नसे. ती पेस्ट्रीवाल्यांची कला होती आणि यीस्टने फुगविलेली कणीक ही पाववाल्यांची. या दोन्ही कला एकत्र आणून केलेल्या क्र्वासाँच्या मुद्रित कृती विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून आढळतात. पुढील दोन-तीन दशकांत हा नवा प्रकार फ्रान्सभर पसरला व जुना घट्ट पोताचा प्रकार मागे पडला. तेव्हा आजच्या स्वरूपातील क्र्वासाँचे वय सु. एक शतकाहून थोडेच अधिक भरते.

घटकद्रव्ये : क्र्वासाँचे घटक मोजके असतात, त्यांची प्रत व प्रमाण यांवर सर्व काही अवलंबून असते. सर्वसाधारणपणे ५०० ग्रॅ. मैद्यास २५० ते ३०० मिलि. दूध व पाणी यांचे मिश्रण, ५० ते ६० ग्रॅ. साखर, १० ग्रॅ. मीठ, २० ग्रॅ. ताजे यीस्ट आणि थरांसाठी सु. २५० ग्रॅ. लोणी घेतात. कणीक मळतानाही तीत थोडे लोणी घालतात. भाजण्यापूर्वी पृष्ठभागावर फेटलेल्या अंड्याचा हात देतात. खुद्द कणकेत मात्र अंडे बहुधा नसते.

(१) मैदा : फ्रान्समध्ये मैद्याची प्रतवारी तो जाळल्यावर उरणाऱ्या राखेच्या प्रमाणावरून करतात. क्र्वासाँसाठी ‘४५’ किंवा ‘५५’ या क्रमांकांचा, म्हणजे कोंड्याचा अंश अत्यल्प असलेला पांढरा मैदा वापरतात. त्यात ग्लुटेन या प्रथिनाचे प्रमाण पुरेसे असावे लागते. ते कमी असल्यास लाटताना थर फाटतात. फार जास्त असल्यास कणीक रबरासारखी आक्रसते.

(२) लोणी : यूरोपीय नियमांनुसार बिनमिठाच्या लोण्यात किमान ८२ टक्के स्निग्धांश असावा लागतो व पाण्याचे प्रमाण १६ टक्क्यांहून अधिक असून चालत नाही. थर देण्यासाठी काही कारागीर ८४ टक्के स्निग्धांशाचे, अधिक घट्ट व लवचिक असे ‘कोरडे’ लोणी पसंत करतात. फ्रान्सच्या पश्चिमेकडील शारांत-प्वातू या प्रदेशातील लोण्यास १९७९ मध्ये व नॉर्मंडीतील इझिन्यी येथील लोण्यास १९८६ मध्ये उगमस्थाननिदर्शक संरक्षित नाव मिळाले. ही दोन्ही लोणी या कामासाठी नावाजलेली आहेत.

(३) यीस्ट : सॅकॅरोमायसीझ सेरेव्हिसी ही पावासाठी वापरली जाणारी यीस्टची जाती येथेही उपयोगात आणतात. ती कणकेतील शर्करांचे किण्वन करून कार्बन डाय-ऑक्साइड वायू व अल्कोहॉल निर्माण करते. वायूमुळे कणीक फुगते, तर किण्वनात निर्माण होणाऱ्या इतर द्रव्यांमुळे विशिष्ट स्वाद येतो.

कृती : प्रथम लोण्याव्यतिरिक्त इतर पदार्थ (व थोडे लोणी) एकत्र मळून कणीक तयार करतात व ती काही तास, बहुधा रात्रभर, थंड जागी ठेवतात. नंतर ती चौकोनी लाटून मध्ये थंड लोण्याची चपटी वडी ठेवतात व कडा दुमडून ती पूर्ण झाकतात. हा पुडा लांबट लाटून पत्राप्रमाणे त्याची तिपदरी घडी घालतात. ही क्रिया एकूण तीन वेळा करतात व दर दोन घड्यांच्या मधे पुडा अर्धा ते एक तास शीतपेटीत विसावू देतात. प्रत्येक घडीगणिक थरांची संख्या तिप्पट होत असल्याने लोण्याचा मूळचा एक थर ३, ९ व अखेरीस २७ थरांत विभागला जातो. यीस्टविरहित पापुद्रेदार पेस्ट्रीत अशा सहा घड्या देऊन ७२९ थर करतात. क्र्वासाँत मात्र थर थोडके व जाड ठेवतात, कारण यीस्टच्या वायूने फुगताना अतिशय पातळ थर फाटून लोणी व कणीक एकजीव होण्याचा संभव असतो.

महाराष्ट्रीय गृहिणींना या क्रियेचे तत्त्व अपरिचित नाही. चिरोटे किंवा साट्याच्या करंज्या करताना पोळ्यांवर तूप व तांदळाची पिठी फेसून केलेला साटा लावून त्या एकावर एक ठेवतात, त्यांची गुंडाळी करून तुकडे कापतात व ते लाटून तळतात. स्निग्ध पदार्थाचा थर दोन पोळ्यांना एकमेकींना चिकटू देत नाही आणि म्हणून पदर सुटतात, हे तत्त्व दोन्हींकडे समान आहे. फरक असा, की चिरोट्यांत यीस्ट नसते व ते तळले जातात. क्र्वासाँत कणीक जिवंत, म्हणजे फुगत राहणारी असते आणि तो भट्टीत भाजतात. बेकऱ्यांतून मिळणारी खारी ही पेस्ट्रीच्या अधिक जवळची आहे. तिच्यातही पापुद्रे असतात, परंतु ती कोरडी होईपर्यंत भाजलेली असते.

घड्या पूर्ण झाल्यावर पुडा ३ ते ४ मिमी. जाडीचा लाटून त्याचे निमुळते त्रिकोण कापतात. त्रिकोणाच्या पायाकडून टोकाकडे गुंडाळी केली, की मध्ये जाड व कडांना निमुळता असा आकार येतो. या गुंडाळ्या २४° ते २७° से. तापमानात सु. दोन तास फुगू देतात. लोणी ३०° से. च्या पुढे वितळू लागत असल्याने याहून अधिक उष्णता देता येत नाही. नंतर त्या १८०° ते २००° से. तापमानाच्या भट्टीत १५ ते २० मिनिटे भाजतात.

भाजण्यातील प्रक्रिया : या पदार्थाचे यश लोणी व कणीक यांचा मऊपणा सारखा राखण्यावर अवलंबून असते. लोणी फार थंड असल्यास लाटताना त्याचे तुकडे पडतात व थर तुटक होतात. फार मऊ असल्यास ते कणकेत मुरते व क्र्वासाँऐवजी लोण्याचा साधा पाव तयार होतो. लाटण्याच्या वेळी लोण्याचे तापमान सु. १२° ते १६° से. असणे इष्ट असते.

भट्टीत प्रथम लोणी वितळते व कणकेच्या थरांना एकमेकांपासून अलग ठेवते. लोण्यातील व कणकेतील पाण्याची वाफ होते. पाण्याचे वाफेत रूपांतर होताना त्याचे आकारमान सु. १,६०० पटींनी वाढते व या दाबाने थर उचलले जातात. त्याच वेळी किण्वनातून साठलेला कार्बन डाय-ऑक्साइड वायू उष्णतेने प्रसरण पावतो. तापमान आणखी वाढल्यावर ग्लुटेन घट्ट होते, स्टार्च पाणी शोषून फुगतो आणि उचललेला सांगाडा कायम होतो. पृष्ठभागावर ॲमिनो अम्ले व शर्करा यांच्यात विक्रिया होऊन तपकिरी रंग व भाजल्याचा खमंग वास येतो. लुई कामीय मायार या फ्रेंच वैज्ञानिकाने १९१२ मध्ये वर्णन केल्यावरून या विक्रियेस त्याचे नाव दिले आहे.

प्रकार : फ्रान्समध्ये केवळ लोणी वापरलेला व मार्गारीन किंवा अन्य वनस्पतिज स्निग्ध पदार्थ वापरलेला असे दोन प्रकार मानतात. मार्गारीनचा शोध ईपॉलीत मेझ-मूर्येस याने १८६९ मध्ये लोण्यास स्वस्त पर्याय म्हणून लावला. ग्राहकाला भेद कळावा म्हणून लोण्याचा क्र्वासाँ सरळ व दुसरा वक्र ठेवण्याचा प्रघात अनेक ठिकाणी आहे. हा कायदा नसून केवळ रूढी आहे. परिणामी ज्या कोरीवरून पदार्थाला नाव मिळाले, ती त्याच्या उत्तम प्रतीच्या प्रकारातच पुष्कळदा दिसत नाही. आदल्या दिवशीचे उरलेले क्र्वासाँ पाकात बुडवून, बदामाचे सारण भरून पुन्हा भाजतात. याच कणकेचा आयताकृती तुकडा चॉकलेटच्या कांड्यांभोवती गुंडाळून ‘पँ ओ शोकोला’ करतात. फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागात त्याला ‘शोकोलातीन’ म्हणतात. इटलीतील ‘कोर्नेत्तो’ व अर्जेंटिनातील ‘मेदियालुना’ (अर्धचंद्र) हे याचे गोडसर आप्त होत.

औद्योगिक उत्पादन : क्र्वासाँच्या पारंपरिक कृतीस विसाव्यासह दीड ते दोन दिवस लागतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात थर लाटणारी यंत्रे व गोठवण्याचे तंत्र यांमुळे कारखान्यात घडविलेले, गोठविलेले क्र्वासाँ दुकानात केवळ भाजून विकणे शक्य झाले. ‘बूलांझरी’ (पावाचे दुकान) हे नाव लावण्यासाठी पावाची कणीक जागेवरच मळून, फुगवून व भाजून घेतली पाहिजे आणि ती कोणत्याही टप्प्यावर गोठवू नये, असा निर्बंध फ्रान्समध्ये १९९८ च्या कायद्याने घातला. परंतु तो पावापुरता असून क्र्वासाँला लागू नाही. त्यामुळे उत्तम पाव स्वतः करणाऱ्या दुकानातही कारखान्यातील क्र्वासाँ मिळू शकतो व ग्राहकाला ते पाटीवरून कळत नाही. लोण्याच्या किंमतीतील चढउतारांचाही या धंद्यावर परिणाम होतो. २०१७ मध्ये यूरोपात लोण्याचे भाव विक्रमी वाढले, तेव्हा हाताने क्र्वासाँ करणाऱ्या लहान कारागिरांना त्याची विशेष झळ लागली.

पारख व आहारमूल्य : चांगला क्र्वासाँ आकाराच्या मानाने हलका असतो. तो मधोमध कापल्यास गुंडाळीच्या वळणांनी वेटोळ्यासारख्या रचलेल्या मोठ्या पोकळ्या दिसतात व त्यांमधील पडदे पातळ असतात. आत कच्ची, दाट कणीक दिसणे हे अपुऱ्या फुगवणीचे किंवा अपुऱ्या भाजणीचे लक्षण होय. बोटांना तेलकटपणा व टाळूला मेणचट थर जाणवल्यास लोण्याऐवजी दुसरा स्निग्ध पदार्थ वापरल्याचा संशय घेण्यास जागा असते. १०० ग्रॅ. क्र्वासाँत सु. ४५ ग्रॅ. कार्बोहायड्रेटे, २१ ग्रॅ. स्निग्ध पदार्थ व ८ ग्रॅ. प्रथिने असतात आणि त्यापासून सु. ४०० किलोकॅलरी ऊर्जा मिळते. रोजच्या पोळी-भाकरीच्या जागी तो खाणे त्यामुळे हितावह नाही.

भारतातील मोठ्या शहरांतील हॉटेले व बेकऱ्या यांतून क्र्वासाँ आता सर्रास मिळतो. मुंबईसारख्या उष्ण व दमट हवेच्या ठिकाणी लोणी लाटतानाच मऊ पडत असल्याने वातानुकूलित खोलीवाचून लोण्याचा क्र्वासाँ करणे अवघड जाते. अधिक वितळबिंदू असलेले मार्गारीन वापरण्याकडे कल होतो, त्यामागे किंमतीइतकेच हेही कारण असते. तथापि क्र्वासाँची चव व पोत ही मूलतः लोण्याचीच असल्याने अशा मालाला मूळ पदार्थाचा आकार येतो. त्याचा गुण मात्र येत नाही.